'स्पीड द प्लाउ'चा माग: फिडलच्या सरावाची सहा महिन्यांची नोंद

जानेवारी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या गावातील पबमध्ये दर गुरुवारी भरणाऱ्या बैठकीत, 'स्पीड द प्लाउ' ही धून मी फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, इतरांच्या बरोबरीने पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजवली. ती निवडण्याला निमित्त होते. 6 जानेवारीनंतर येणाऱ्या पहिल्या सोमवारी इंग्लंडमध्ये 'प्लाउ मंडे', म्हणजे नांगराचा सोमवार, असतो. नाताळची सुटी संपवून शेतमजूर पुन्हा कामाला लागत, तो हा दिवस. पूर्वेकडील परगण्यांत त्या दिवशी तोंडाला काळे फासलेले तरुण सजवलेला नांगर गावभर ओढत नेत आणि दारोदारी पैसे मागत. आमच्या बैठकीतील ज्येष्ठ वादकाने त्या आठवड्यात नांगराची धून सुरू करणे स्वाभाविकच होते. धून संपल्यावर मी त्यांना विचारले की ही रचना कोणाची. "ट्रॅड," म्हणजे पारंपरिक, असे एका शब्दाचे उत्तर त्यांनी दिले आणि पुढची धून सुरू केली. ते उत्तर मला पुरेसे वाटले नाही. त्यामुळे गेले सहा महिने ही धून हातात बसवणे आणि तिचा उगम शोधणे ही दोन्ही कामे मी शेजारी शेजारी केली. ज्यांना असल्या धुनांचे वेड आहे त्यांच्यासाठी ही नोंद लिहीत आहे.

आधी धुनेविषयी. इंग्लंडमध्ये ती बहुधा जी मेजरमध्ये वाजते, कारण इथल्या बैठकांत डी आणि जी या दोन स्वरांच्या मेलोडियनचा (भात्याच्या हातपेटीचा) वरचष्मा असतो. ए मेजरमध्ये वाजवणारेही पुष्कळ आहेत. जी हा षड्ज धरला तर सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट. पहिला भाग असा सुरू होतो: सा रे ग म प ध प ग । प ध प ग प ध प ग । म – ध म ग – प ग । म – रे – रे – ग रे. हेच पुन्हा येते आणि शेवटी रे – मंद्र नी – सा असा विसावा मिळतो. दुसरा भाग तार षड्जावरून उतरतो: सां – सां नी सां प ग प । सां – नी – ध – प –. त्यानंतरच्या तिसऱ्या बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट; वर उभ्या रेघांनी वेगळे केले आहेत) पहिल्या भागातील 'म – ध म ग – प ग' हेच वळण परत येते. आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, असे एकूण 32 बार होतात. कागदावर मांडून पाहिले तेव्हा लक्षात आले की मूळ सोळा बारांत हे एकच वळण चार वेळा आले आहे आणि दोन्ही भागांचा शेवटही एकच आहे. ज्याने ही धून घडवली त्याला नाचणाऱ्यांची गरज नेमकी कळत होती, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. नाचणाऱ्याच्या कानाला पुढचे वळण आधीच ठाऊक असावे लागते, तरच पाय वेळेवर वळतात.

फेब्रुवारी

हा महिना गजाच्या दुरुस्तीत गेला. सांगलीत मी दहा वर्षे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले. तेव्हा मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवायचे आणि एका गजात जमतील तितके स्वर मींडेने जोडून घ्यायचे. गळ्याच्या अंगाने वाजवण्यासाठी तयार झालेली ही पद्धत आहे आणि तिच्यावर माझे प्रेम आहे. मात्र इंग्रजी नृत्याच्या धुनेला ती अडथळा ठरते, कारण तिथे बहुतेक स्वरांना स्वतंत्र गज लागतो आणि दोन स्वरांच्या मध्ये किंचित मोकळी जागा राहावी लागते. त्या मोकळ्या जागेतच नाचणाऱ्याचे पाऊल उचलले जाते. एके रविवारी मी गुरुजींना फोनवर ही धून ऐकवली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अगं, सूर बिलावलाचेच आहेत, बोटेही बरोबर पडतात, पण तुझा गज अजून बैठक मारून बसलाय, त्याला उभा कर." त्यानंतर मी खरोखरच उभी राहून सराव करू लागले.

सर्वांत अडचणीची जागा आहे ती 'प ध प ग प ध प ग' ही. पंचम ए तारेवर अनामिकेने, धैवत मोकळ्या ई तारेवर, पुन्हा पंचम, मग तर्जनीने गंधार. प्रत्येक स्वराला वेगळा गज दिला की ई तार नेहमी वर जाणाऱ्या गजावर येते आणि मनगट पाळण्यासारखे मागेपुढे झुलत राहते. मी सुरुवातीला कोपरापासून पूर्ण हात हलवत होते आणि पाच मिनिटांत खांदा भरून येत होता. गजाचा फक्त मधला चार बोटांचा भाग वापरायचा, कोपर जवळजवळ स्थिर ठेवायचे आणि तार बदलताना मनगटाने गजाला केवळ कलते करायचे, हे कळायला तीन आठवडे लागले. या झुलण्यात धैवतावर आपोआप हलकासा उठाव येतो. तो मुद्दाम देऊ नये. दिला की धून लंगडते.

मार्च

आता उगमाविषयी. सुरुवातीला माझाही समज असा होता की नांगराचे नाव असलेली धून शेतातून किंवा प्लाउ मंडेच्या मिरवणुकीतून आली असणार. तो समज टिकला नाही. लीड्सचे संगीतसंग्राहक फ्रँक किडसन यांनी ग्रोव्हच्या संगीतकोशात या धुनेची जी हकिगत नोंदवली आहे, ती थेट लंडनच्या नाट्यगृहात नेऊन पोहोचवते. त्यांच्या मते धून जॉन मूरहेड याने 1799 मध्ये रचली आणि तिचे मूळ नाव 'द नेव्हल पिलर', म्हणजे 'आरमारी स्तंभ', असे होते.

मूरहेड हा आयर्लंडमध्ये जन्मलेला व्हायोलिनवादक. इंग्लंडमधील गावोगावच्या नाट्यगृहांत वाजवत तो लंडनला पोहोचला आणि कॉव्हेंट गार्डन या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात रुजू झाला. तिथे तो इतरांच्या जोडीने संगीतिका आणि मूकनाट्ये यांना संगीतही देऊ लागला. त्या काळी एकेका प्रयोगाचे संगीत दोघातिघांनी वाटून घेणे सर्रास चाले. विल्यम रीव्ह आणि प्रसिद्ध गायक जॉन ब्रॅहम यांच्याबरोबर मूरहेडचे नाव येते ते यामुळेच. 1799 मध्ये थॉमस डिब्डिन याने 'द नेव्हल पिलर' नावाचा एक लहान संगीतप्रयोग लिहिला आणि त्याचे संगीत मूरहेडने केले.

या नावामागे त्या वर्षीची एक खरीखुरी योजना होती. 1 ऑगस्ट 1798 रोजी नाइलच्या मुखाशी नेल्सनने फ्रेंच आरमाराचा पराभव केला आणि इंग्लंडमध्ये आरमाराच्या विजयांचे मोठे स्मारक उभारावे अशी हाक उठली. त्यासाठी समिती नेमली गेली आणि वर्गणी गोळा होऊ लागली. जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने तर स्तंभाऐवजी ग्रिनिचच्या टेकडीवर 230 फूट उंचीची ब्रिटानियाची, म्हणजे स्त्रीरूपातील ब्रिटनची, मूर्ती उभारावी अशी सूचना छापून काढली, आणि तिच्यासोबतची चित्रे विल्यम ब्लेकने कोरली होती. स्तंभ उभा राहिला नाही आणि मूर्तीही झाली नाही. ग्रिनिचच्या त्या टेकडीवर मी एप्रिलमध्ये जाऊन आले. तिथून नदी फार सुंदर दिसते, आणि वर चढताना सगळा वेळ ही धूनच माझ्या डोक्यात चालू होती.

मूरहेडचा शेवट मला चटका लावून गेला. काही वर्षांतच त्याचे मानसिक संतुलन ढळले आणि त्याला उपचारगृहात ठेवावे लागले. त्यातून बाहेर पडल्यावर तो एका युद्धनौकेवर बँडमास्तर म्हणून रुजू झाला, आणि 1804 मध्ये केंटच्या किनाऱ्यावरील डीलजवळ त्याने स्वतःचे जीवन संपवले. ज्याची धून दोनशे वर्षांहून अधिक काळ हजारो लोक वाजवत आले, त्याचे नाव आमच्या बैठकीतील एकालाही माहीत नव्हते. मी ते सांगितले तेव्हा सगळे काही वेळ गप्प झाले, आणि ज्येष्ठ वादकाने धून पुन्हा एकदा, अगदी सावकाश, वाजवली.

एप्रिल

मग स्तंभाचा नांगर कसा झाला? याचे उत्तर पुढच्याच वर्षात मिळते. फेब्रुवारी 1800 मध्ये त्याच कॉव्हेंट गार्डनमध्ये थॉमस मॉर्टन याचे 'स्पीड द प्लाउ' हे पाच अंकी विनोदी नाटक रंगमंचावर आले आणि विलक्षण गाजले. धून त्या नाटकाशी जोडली गेली आणि नाटकाचे नाव तिला कायमचे चिकटले. स्तंभाची योजना बारगळत असताना नांगराचे नाटक लोकांच्या तोंडी होते. कोणते नाव टिकणार हे उघडच होते.

नाटक मी वाचून काढले, कारण धुनेच्या नावाचा अर्थ त्याशिवाय नीट कळला नसता. पडदा उघडतो तो शेतकरी अ‍ॅशफील्डच्या घरापुढे. त्याची बायको बाजारातून परतते आणि सांगते की शेजारच्या ग्रंडीच्या गव्हाला आपल्यापेक्षा क्वार्टरमागे (हे धान्याचे जुने माप) पाच शिलिंग जास्त मिळाले. हा केवळ घरगुती हेवा समजून पुढे जाणे बरोबर होणार नाही. 1799 चे पीक थंडीपावसाने बुडाले होते, गव्हाचे भाव कडाडले होते आणि सप्टेंबर 1800 मध्ये लंडनच्या धान्यबाजारावर जमाव चालून गेला. अशा वर्षी 'नांगराला यश मिळो' हे शब्द रंगमंचावरून उच्चारले जात होते आणि समोरच्या प्रेक्षकांना पावाच्या किमतीची रोजची चिंता होती. धुनेचे नवे नाव लोकांनी इतक्या तत्परतेने का उचलले, याचे कारण मला या काळजीत दिसते.

याच नाटकातील अ‍ॅशफील्डची बायको उठताबसता 'मिसेस ग्रंडी काय म्हणेल' असे विचारत राहते, आणि ही मिसेस ग्रंडी शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नाही. इंग्रजीत पुढे हे नाव समाजाच्या नाकमुरड्या नजरेसाठी रूढ झाले. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य ज्या घरात ऐकत आपण वाढलो, त्या घरात या न दिसणाऱ्या बाईची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

नावातील 'स्पीड' या शब्दाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्याचा थेट परिणाम माझ्या वाजवण्यावर झाला. आजच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वेग. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ भरभराट होणे, यश लाभणे असा होता. 'गॉड स्पीड द प्लाउ' हे आशीर्वचन पंधराव्या शतकापासून चालत आलेले आहे आणि त्याचा अर्थ 'देव नांगराला यश देवो' इतकाच आहे. नांगर जोरात पळव असे त्यात कोणी म्हणत नाही. मी मात्र नावाच्या ओढीने ही धून पळवत होते. अर्थ कळल्यानंतर मी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 112 वरून थेट 84 वर आणला, आणि मग प्रथमच 'म – ध म ग – प ग' या जागेचे सौंदर्य ऐकू आले. मध्यमावर गज क्षणभर टेकतो, धैवताला स्पर्श करून परत येतो आणि हीच हालचाल गंधारावर एक पायरी खाली पुन्हा होते. वेगात हे सगळे पुसले जाते.

मे

नाट्यगृहातील धून खेड्यातल्या फिडलवादकाच्या हातात कशी आली, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी एक दिवस सुटी काढून मी लंडनला सेसिल शार्प हाउसमधील व्हॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयात गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे संगीतप्रकाशक दर वर्षी 'या वर्षाची चोवीस कंट्री डान्स' अशा आडव्या, खिशात मावणाऱ्या पुस्तिका काढत. प्रत्येक धुनेची एकच स्वररेषा आणि तिच्याखाली नृत्याच्या सूचना दोन-तीन ओळींत. नाटकात गाजलेली धून अशा पुस्तिकेत लगेच येई, पुस्तिका नृत्यशिक्षकाच्या पेटीतून परगण्याच्या गावी जाई, आणि तिथला एखादा वादक ती आपल्या वहीत उतरवून घेई. अशा हस्तलिखित वह्या इंग्लंडभर सापडल्या आहेत. व्हिलेज म्युझिक प्रोजेक्टने त्यांतील कितीतरी वह्यांचे स्वरलेखन करून ते सर्वांसाठी खुले केले आहे. 'स्पीड द प्लाउ' एकोणिसाव्या शतकातील अशा वह्यांत वारंवार भेटते. वह्यांतील स्वरलेखनात लहानमोठे फरक असतात. कुठे तीव्र-कोमलाची खूण राहून गेलेली असते, कुठे बार मोजायला चुकलेला असतो, कुठे वादकाने आपल्याला सोपे पडेल असे वळण घातलेले असते. या फरकांना मी आता चुका म्हणत नाही. त्यांतून वादकाची बोटे दिसतात.

खेड्यात ती किती रुजली याचा एक भरवशाचा साक्षीदार म्हणजे टॉमस हार्डी. त्याचे आजोबा आणि वडील डॉर्सेटमधील चर्चच्या वाद्यवृंदात वाजवत, आणि स्वतः हार्डी लहानपणी वडिलांबरोबर गावच्या नृत्यांत फिडल वाजवायला जाई. 1898 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या कवितासंग्रहात 'द डान्स अ‍ॅट द फीनिक्स' ही कविता आहे. तीत साठीच्या घरातील जेनी, नवरा झोपलेला पाहून, पलटणीतल्या सैनिकांच्या नाचाला जाते आणि रात्रभर नाचते. त्या रात्रीच्या धुनांच्या यादीत 'स्पीड द प्लाउ' आहे, आणि हार्डीने कंसात नृत्याच्या हालचालीही दिल्या आहेत: हात गुंफा, रांगेबाहेरून खाली जा, चाकासारखे फिरा. हे लिहिणाऱ्याने ती धून वाजवलेली असणार, अशी माझी खात्री आहे. नुसती ऐकणाऱ्याला हालचालींचा हा क्रम सुचत नाही.

नाट्यगृहातून आलेली ही एकटीच धून नाही. 'हेस्ट टू द वेडिंग' ही 1767 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झालेल्या 'द एलोपमेंट' या मूकनाट्यातून लोकप्रिय झाली. 'टिंक अ टिंक' 1798 च्या 'ब्लू बिअर्ड'मधील, मायकल केलीच्या संगीतातली. इंग्लंडच्या खेड्यातील नृत्यसंगीताचा बराच भाग लंडनच्या रंगभूमीने पुरवला, हे मान्य करायला काही जणांना जड जाते. ज्यांच्या घरात नाट्यपदे बँडच्या मिरवणुकीतून, कीर्तनातून आणि हार्मोनियमच्या शिकवणीतून ऐकू आली, त्यांना मात्र हा प्रवास ओळखीचा वाटेल.

एक गोष्ट मला विशेष खुपली. ख्रिस वॉलशॉ यांनी धुना साध्या अक्षरांत लिहिण्यासाठी जी एबीसी लिपी तयार केली, तिची ओळख करून देताना नमुना म्हणून बरेचदा हीच धून दिली जाते, आणि रचनाकाराच्या ओळीत 'ट्रॅड' असे लिहिलेले असते. म्हणजे जगभरात ही लिपी शिकणारा माणूस पहिल्याच धड्यात मूरहेडची धून पाहतो आणि त्याचे नाव मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्येष्ठ वादकाशी यावर माझा बराच वेळ वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की दोनशे वर्षांत इतक्या हातांनी ती घासली गेली आहे की आज आपण जी वाजवतो ती एकट्या मूरहेडची म्हणता येणार नाही. वह्यांमधील फरक पाहिल्यावर मला हे पटते. तरीही 'ट्रॅड' या शब्दाने एका वाद्यवृंदात बसून पोटासाठी संगीत लिहिणाऱ्या माणसाचे काम झाकले जाऊ नये, असे मला वाटते. माझ्या वहीत मी आता असे लिहिले आहे: जॉन मूरहेड, 1799, कॉव्हेंट गार्डन, त्यानंतर अनेकांच्या हातून.

जून

गेल्या शनिवारी गावच्या सभागृहात नृत्याचा कार्यक्रम होता आणि बँडने मला पहिल्यांदा सोबत घेतले. 'स्पीड द प्लाउ' आम्ही सलग आठ वेळा वाजवली. मिनिटाला 108 पावलांच्या लयीत एक फेरी सुमारे 36 सेकंदांची होते, म्हणजे जवळजवळ पावणेपाच मिनिटे अखंड वादन. पहिल्या तीन फेऱ्या माझा गज नाचणाऱ्यांच्या मागे होता. चौथ्या फेरीत मी सुरांकडे बघणे सोडून समोरच्या जोडीच्या पावलांकडे पाहू लागले आणि दुसऱ्या भागातील तार षड्ज त्यांच्या पहिल्या पावलाबरोबर पडला. सातव्या फेरीत दमामुळे मंद्र निषाद दोनदा निसटला, पण सोबतच्या मेलोडियनने तो भरून काढला.

दुसऱ्या भागाची सुरुवात अजून कच्ची आहे. सां नी सां हे ई तारेवर मधले बोट आणि तर्जनी चिकटवून घ्यावे लागते आणि लगेच ए तारेवरील पंचमावर उडी मारायची असते. तिथे माझी जुनी सवय जागी होते आणि निषादातून षड्जावर जाताना बारीकशी मींड येते. ती काढण्यासाठी मी या दोन बारांचा सराव रोज दहा मिनिटे 60 च्या लयीत, प्रत्येक स्वरानंतर गज थांबवून, करीत आहे. पुढच्या महिन्यात ही धून ए मेजरमध्ये बसवायची आहे, कारण तिथे तार षड्ज ई तारेवर अनामिकेने घ्यावा लागतो आणि निषादासाठी मधले बोट वर सरकवावे लागते. ज्यांनी दोन्ही स्वरांत ती वाजवली आहे, त्यांनी त्या जागी गजाची दिशा कशी ठेवली हे जरूर कळवावे.